तलावाचा जीर्णोद्धार आणि नागरिकाचा हक्क

सार्वजनिक जलतरण तलावाच्या फाटकावर ‘दुरुस्तीसाठी बंद’ अशी पाटी लागणे ही आपल्या शहरांत इतकी नित्याची गोष्ट झाली आहे की, तिच्यापाशी आता कोणी थबकतही नाही. पाटी कधी लागली हे कोणाच्या स्मरणात राहत नाही. ती कधी निघेल हे कोणी छातीठोकपणे सांगत नाही. मग केव्हा तरी नूतनीकरणाची योजना जाहीर होते. अंदाजपत्रक मंजूर होते, निविदा निघतात आणि नियोजित तलावाचे एक रंगीत चित्र प्रसिद्ध होते. त्या चित्रात निळेशार पाणी असते, चकचकीत फरशी असते, काचेचे उपाहारगृह असते, काठावर आरामखुर्च्याही असतात. नसते ते एका साध्या प्रश्नाचे उत्तर. हा तलाव कोणासाठी दुरुस्त होत आहे?

आमच्या मते योजनेचा आरंभ या प्रश्नापासून झाला पाहिजे. त्याचे उत्तर आधी ठरविले नाही, तर निविदेतील कलमे आणि शुल्काचा तक्ता ते आपोआप ठरवून टाकतात. आणि असे आपोआप ठरलेले उत्तर सामान्य नागरिकाच्या हिताचे क्वचितच असते.

पोहणे ही चैन नव्हे

पोहणे ही सुखवस्तू लोकांची हौस आहे, असा एक समज आपल्या सुशिक्षित वर्गात रूढ आहे. पाणीपुरवठा, रस्ते, रुग्णालये ही गरज. तलाव ही शोभा, अशी वाटणी त्या समजातून झालेली आहे. ही वाटणी किती फसवी आहे हे आकडेच सांगतात. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या नोंदीप्रमाणे २०२२ या एका वर्षात आपल्या देशात बुडून मरण पावलेल्यांची संख्या ३८ हजारांहून अधिक होती. म्हणजे दिवसाला शंभरांहून अधिक माणसे. जगात २०२१ साली सुमारे ३ लाख माणसे अशा रीतीने दगावली, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. हे मृत्यू टाळण्याचे जे उपाय ही संघटना सुचविते, त्यांत शाळकरी मुलांना पोहण्याचे व पाण्यातील सुरक्षिततेचे प्राथमिक शिक्षण देणे हा एक प्रमुख उपाय आहे. असे शिक्षण पुस्तकांतून देता येत नाही. त्याला पाणी लागते, आणि ते पाणी उथळ, स्वच्छ व पहाऱ्याखालचे असावे लागते.

प्रस्तुत लेखकाने वृत्तपत्राच्या कचेरीत पाऊल टाकण्यापूर्वी काही वर्षे शाळामास्तरकी केली. जून महिन्यात शाळा उघडल्यावर पहिली हजेरी घेताना एका वर्षी एका नावापाशी उत्तर आले नाही. दुसऱ्यांदा नाव पुकारले, तेव्हा मागच्या बाकावरचा एक मुलगा उठून म्हणाला, “सर, तो मे महिन्यात खाणीत बुडाला.” वस्तीच्या कडेला सोडून दिलेली दगडाची खाण होती आणि तीत पाणी साचलेले होते. उन्हाळ्याच्या दुपारी मुले तेथे डुंबावयास जात. त्या मुलाच्या घरापासून सार्वजनिक तलाव पाऊण तासाच्याही वाटेवर नव्हता. परंतु तो त्या उन्हाळ्यात दुरुस्तीसाठी बंद होता, आणि चालू असता तरी त्याचे शुल्क त्या घराला परवडणारे नव्हते. हजेरीपटावरील त्या नावावर तांबड्या शाईची रेघ ओढून आम्ही पुढचे नाव पुकारले. मास्तराला त्याहून अधिक काही करता येण्यासारखे नव्हते. नगराच्या कारभाऱ्यांना मात्र होते.

आमच्या वाचकांपैकी अनेकांच्या निवासी संकुलांत आज खासगी तलाव आहेत. त्यांची मुले शिक्षकाच्या देखरेखीखाली पोहावयास शिकतात, ही समाधानाची गोष्ट होय. परंतु यामुळेच सार्वजनिक तलावाविषयी बोलणारा, पत्रे लिहिणारा, अधिकाऱ्यांना जाब विचारणारा वर्ग त्या तलावापासून दूर गेला आहे. ज्यांचा आवाज ऐकला जातो त्यांना तलावाची गरज उरली नाही, आणि ज्यांना गरज आहे त्यांचा आवाज कोणी ऐकत नाही. सार्वजनिक तलावाच्या आजच्या दुरवस्थेचे मूळ गळक्या नळांइतकेच या दुराव्यातही आहे.

फरशी दिसते, गळती दिसत नाही

ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईत दादरच्या महात्मा गांधी स्मारक जलतरण तलावात एका सकाळी मगरीचे पिल्लू आढळले आणि चार दिवस शहराला बोलावयास विषय मिळाला. पिल्लू सुखरूप पकडले गेले, कोणालाही इजा झाली नाही, आणि विनोदही पुष्कळ झाले. मगर डोळ्यांना दिसते, म्हणून तिची बातमी होते. तलावाला खरोखर गिळून टाकणारी सुसर निराळीच असते. ती तळाच्या सांध्यांत आणि जमिनीखालच्या नळांत दडून बसते. तिचे नाव गळती.

ऑलिंपिक मापाचा तलाव ५० मीटर लांब व २५ मीटर रुंद असतो. तो २ मीटर खोल धरला, तर त्यात २५ लाख लिटर पाणी मावते. उन्हाने उडून जाते त्याखेरीज अशा तलावाची पातळी गळतीमुळे दिवसाला अवघा एक सेंटिमीटर उतरली, तर रोज १२ हजार ५०० लिटर पाणी जमिनीत जाते. शहरी पाणीपुरवठ्याचे माणशी १३५ लिटरांचे प्रमाण धरले, तर ही नव्वदांहून अधिक माणसांची रोजची गरज होय. वर्षाअखेर या हिशेबाने ४५ लाखांहून अधिक लिटर पाणी नाहीसे होते. म्हणजे पावणेदोन तलाव भरतील एवढे. ही गळती ओळखण्याची पहिली परीक्षा मात्र अत्यंत साधी आहे. पाण्याने भरलेली बादली तलावाच्या पायरीवर ठेवावी, आतील व बाहेरील पातळीवर खूण करावी आणि पंप थांबवून एक दिवस वाट पाहावी. बादलीतील पाणी जितके उतरले ते उन्हाने नेले. तलावातील त्याहून अधिक उतरले तर ते गळतीने नेले. या परीक्षेला ना निविदा लागते, ना सल्लागार.

गळतीच्या जोडीने पाहावयाची ती गाळणयंत्रणा. गर्दीच्या तलावातील सगळे पाणी साधारणतः चार ते सहा तासांत एकदा वाळूच्या गाळणीतून फिरून आले पाहिजे. २५ लाख लिटरांच्या तलावाला सहा तासांचा हिशेब लाविला तरी तासाला चार लाख लिटरांहून अधिक पाणी फिरवावे लागते. जुने पंप आणि गंजलेले नळ हे ओझे पेलू शकत नाहीत. मग उणीव भरून काढण्यासाठी औषधांचा मारा होतो. तलावाजवळ नाकाला झोंबणारा दर्प आला की पाणी स्वच्छ आहे, असे पुष्कळांना वाटते. वस्तुतः क्लोरीनचा घाम व मूत्र यांतील द्रव्यांशी संयोग झाला म्हणजे तो उग्र दर्प सुटतो. तो स्वच्छतेची नव्हे, तर अस्वच्छतेची ग्वाही असतो. त्यावरचा स्वस्त उपाय म्हणजे पाण्यात उतरण्यापूर्वी प्रत्येकाने अंग धुणे; आणि त्यासाठी पुरेशी, वाहत्या पाण्याची, दारांना कड्या असलेली न्हाणीघरे हवीत. ती नसल्यामुळे किती स्त्रिया व मुली तलावाकडे फिरकत नाहीत, याचा विचार अंदाजपत्रक करणाऱ्यांनी अवश्य करावा.

गळती, पंप, नळ आणि न्हाणीघरे यांचे उद्घाटन करता येत नाही. फरशीचे करता येते. म्हणून जुन्या तळावर नवी फरशी चढते, फीत कापली जाते आणि दोनतीन वर्षांत तीच पाटी पुन्हा फाटकावर येते. जीर्णोद्धार म्हणजे मूर्तीला नवा शेंदूर लावणे नव्हे. पाया ढासळला असेल तर तो आधी सावरावा लागतो.

ऋतूंचे वेळापत्रक

दुरुस्ती कोणत्या महिन्यात करावी, हा प्रश्न क्षुल्लक वाटेल. तो तसा नाही. रिकामी घागर पाण्यात दाबून धरली तर ती वर उसळी घेते. पावसाळ्यात भूजलाची पातळी वर आलेली असताना रिकामा केलेला तलाव हा असाच एक प्रचंड घडा असतो. खालून पाण्याचा रेटा बसतो आणि तळ उचलला जाऊन त्याला तडे जाऊ शकतात. समुद्रकाठच्या शहरांत, जेथे थोडे खणले की पाणी लागते, तेथे हा धोका विशेष असतो. तेव्हा पावसाळ्यात तलाव उपसणे धोक्याचे, आणि उन्हाळ्यात तो बंद ठेवणे अन्यायाचे; कारण मुलांना सुटी तेव्हाच असते आणि खाणी, नद्या व समुद्र त्यांना तेव्हाच बोलावीत असतात. उरतात दिवाळीनंतरचे तीनचार महिने. निसर्गाने आणि शाळेच्या वर्षाने मिळून दुरुस्तीचा हा मुहूर्त ठरवून दिलेला आहे.

आमच्या कारभाराचा मुहूर्त मात्र निराळा. आर्थिक वर्ष मार्चअखेर संपते. खर्ची न पडलेला पैसा परत जाईल या भीतीने कार्यादेश घाईघाईने निघतात. आणि ऐन एप्रिलमध्ये, मुलांच्या हाती निकालपत्र पडते त्याच सुमारास, तलाव उपसला जातो. पुढे पाऊस येतो, काम थांबते, आणि एक उन्हाळा गेला म्हणता म्हणता दुसराही जातो. निविदा जूनमध्ये काढून कार्यादेश दिवाळीपूर्वी द्यावयाचा, एवढे साधे पथ्य पाळले तरी हा अनर्थ टळेल. त्याला जादा पैसा लागत नाही. केवळ दूरदृष्टी लागते.

न्यूयॉर्क आणि पॅरिस

जुन्या सार्वजनिक तलावाचे काय करावे, हा प्रश्न आपल्याच शहरांपुढे आलेला नाही. परदेशांतील दोन मोठ्या शहरांनी त्याची दोन परस्परविरुद्ध उत्तरे दिली आहेत, आणि ती दोन्ही आपण डोळसपणे पाहावीत अशी आहेत.

न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातील मॅकॅरन तलाव १९३६ च्या उन्हाळ्यात उघडला. महामंदीच्या त्या काळात बेकारांना काम देण्याच्या सरकारी योजनेतून शहराने त्या एका उन्हाळ्यात अकरा विशाल तलाव उघडले, त्यांपैकी हा एक. एका वेळी ६ हजार ८०० माणसांची सोय होईल एवढी त्याची व्याप्ती होती. १९८४ साली तो दुरुस्तीसाठी म्हणून बंद झाला. परंतु दुरुस्तीला आजूबाजूच्या रहिवाशांपैकीच काहींनी विरोध केला. तलाव उघडला तर परक्या वस्त्यांतील, निराळ्या वर्णाची माणसे आपल्या भागात येतील, ही भीती त्या विरोधामागे होती. परिणामी तो तलाव २८ वर्षे ओसाड पडला. अखेर ५ कोटी डॉलर खर्चून शहराने त्याचा जीर्णोद्धार केला आणि जून २०१२ मध्ये तो पुन्हा उघडला. भव्य कमानीचे जुने प्रवेशद्वार राखले गेले, पाण्याचा विस्तार आजच्या गरजेपुरता आटोपशीर करण्यात आला, आणि शेजारी बारमाही व्यायामशाळा झाली. पहिल्या काही दिवसांतच तेथे मारामाऱ्या झाल्या. जुन्या भीतीला पुन्हा तोंड फुटले. शहराने पोलिसांचा बंदोबस्त वाढविला; तलावाला मात्र पुन्हा कुलूप लावले नाही. प्रवेश विनामूल्य ठेवण्याचे धोरणही त्याने सोडले नाही.

पॅरिसचा मोलितोर तलाव १९२९ सालचा. त्याच्या उद्घाटनास जगद्विख्यात जलतरणपटू जॉनी वाइसमुलर हजर होता. साठ वर्षे पॅरिसची पोरे तेथे पोहावयास शिकली. १९८९ साली तो बंद पडला, पुढच्याच वर्षी त्यास ऐतिहासिक वास्तूचा दर्जा मिळाला, आणि तरीही पाव शतक तो भित्तिचित्रांच्या रंगांखाली कुजत राहिला. २०१४ साली तो पुन्हा उघडला. पण तो एका आलिशान हॉटेलाच्या व क्लबाच्या रूपाने. इमारत पूर्वीसारखीच पिवळीधमक, पाणी पूर्वीसारखेच निळे. परंतु सभासदत्वाची वार्षिक वर्गणी हजारो युरोंच्या घरात. खासगी भांडवल आले नसते तर वास्तू वाचली नसती, असे तेथील कारभाऱ्यांचे म्हणणे होते, आणि त्यात तथ्य नव्हते असे नाही. तथापि वास्तू वाचली आणि तलाव गेला, असेच त्या व्यवहाराचे वर्णन करावे लागेल.

आपल्याकडील योजनांत उपाहारगृह, व्यायामशाळा, समारंभाची जागा आणि ‘खासगी सहभाग’ हे शब्द दिसू लागले की, आपण या दोन वाटांपैकी कोणत्या वाटेवर पाऊल टाकीत आहोत, हे नागरिकांनी ओळखले पाहिजे.

चवदार तळ्याचा धडा

खरे पाहता हा धडा शिकण्यासाठी महाराष्ट्राने सातासमुद्रांपलीकडे जाण्याचे कारण नाही. सार्वजनिक पाणवठे सर्वांस खुले असावेत, असा ठराव सीताराम केशव बोले यांच्या पुढाकाराने मुंबई कायदे कौन्सिलात १९२३ साली मंजूर झाला. महाड नगरपालिकेने १९२४ साली तदनुसार चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. कागदावर तळे खुले झाले. पण पाण्यापर्यंत अस्पृश्य मानलेला एकही माणूस जाऊ शकला नाही. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर सहस्रावधी लोकांसह तळ्याच्या काठी गेले आणि ओंजळभर पाणी प्याले, तेव्हा त्या ठरावाची कसोटी लागली. नगरपालिकेने तर त्याच वर्षी आपला ठराव मागे घेतला, आणि तळ्यावरील हक्काचा निकाल उच्च न्यायालयातून लागावयास १९३७ साल उजाडावे लागले. सरकारी पैशाने राखलेल्या विहिरी, तलाव व स्नानघाट यांच्या वापरास धर्म, वंश, जात, लिंग वा जन्मस्थान यांवरून कोणासही आडकाठी करता येणार नाही, असे आपल्या राज्यघटनेच्या पंधराव्या कलमात स्पष्ट लिहिले आहे. त्या वाक्यातील ‘तलाव’ हा शब्द किती यातनांतून तेथे आला आहे, हे मराठी माणसाला निराळे सांगावयास नको.

महाडच्या त्या लढ्याची आणि पोहण्याच्या तलावाच्या शुल्काची आम्ही बरोबरी करीत नाही. तसे करणे अनुचित होईल. पण ठरावाने उघडलेले पाणी व्यवहारात बंद राहू शकते, हे सत्य महाडने आपल्याला शिकविले. आजचे अडसर सौम्य दिसतात. वर्षाचे शुल्क एकरकमी मागणे, अर्ज केवळ संगणकावरूनच घेणे, स्त्रियांसाठी गैरसोयीची एखादीच वेळ ठेवणे, ही त्यांची रूपे होत. यांपैकी एकही नियम कोणाचे नाव घेऊन त्याला मज्जाव करीत नाही. तरीही झोपडवस्तीतील मुलगा फाटकाबाहेरच राहतो.

योजनेत काय हवे

म्हणून आमच्या अपेक्षा आम्ही स्पष्ट शब्दांत मांडतो. पहिली, अंदाजपत्रकाच्या आधी निदान. गळतीची परीक्षा, तळाची व भिंतींची तपासणी, पंप, नळ व विजेच्या जोडण्या यांची स्थिती, यांचा अहवाल नागरिकांपुढे ठेवावा. दुसरी, बांधणी व देखभाल यांची फारकत करू नये. ज्याने दुरुस्ती केली त्याच्यावरच पुढील किमान दहा वर्षांच्या देखभालीची जबाबदारी असावी आणि पाण्याची रोजची तपासणी फाटकावरील फलकावर लिहिली जावी. तिसरी, शुल्क आणि वेळा योजनेतच ठरवाव्यात. सकाळी व सायंकाळी ऐपत असलेल्यांकडून वाजवी शुल्क घ्यावे. परंतु दिवसाचे ठराविक तास महापालिकेच्या शाळांतील मुलामुलींच्या विनामूल्य शिक्षणासाठी राखून ठेवावेत आणि त्या तासांना ठेकेदाराने हात लावता कामा नये. चौथी, प्रशिक्षित जीवरक्षक कायम नेमणुकीचे असावेत, तसेच स्त्रिया, वृद्ध व अपंग यांच्यासाठी लागणाऱ्या सोयी मूळ नकाशात असाव्यात. पाचवी, नकाशा पक्का होण्याआधी जाहीर सुनावणी व्हावी, आणि ती कामावर जाणाऱ्या माणसालाही येता येईल अशा वेळी व्हावी.

यावर दोन आक्षेप येतील. पिण्याच्या पाण्याची टंचाई असताना तलाव कशाला, हा पहिला. तो रास्त आहे आणि टाळून चालणार नाही. परंतु नीट राखलेल्या तलावात तेच पाणी गाळून पुनःपुन्हा फिरविले जाते. पाण्याची खरी उधळपट्टी गळक्या तलावात होते. म्हणजे हा आक्षेप तलावाविरुद्ध नसून वरवरच्या दुरुस्तीविरुद्ध आहे. भीषण टंचाईच्या वर्षी तलाव काही काळ बंद ठेवावा लागला, तर नागरिक ते समजून घेतील. दुसरा आक्षेप पैशाचा. मुंबई महापालिकेचे २०२५–२६ चे अंदाजपत्रक ७४ हजार कोटी रुपयांहून अधिक होते. एवढा विस्तार असलेल्या संस्थेला मुलांच्या पोहण्याचे शिक्षण परवडत नाही, हे कोणालाही पटणार नाही. लहान नगरपालिकांची अडचण खरी आहे. त्यांनी भव्यतेचा हव्यास सोडून २५ मीटरांचा एक साधा, गळका नसलेला तलाव राखला तरी पुरे. मुलाला तरंगावयास शिकण्यासाठी ऑलिंपिकचे माप लागत नाही.

तलावाचा जीर्णोद्धार अवश्य व्हावा. तो लवकर व्हावा आणि खर्चाला न कचरता व्हावा. परंतु त्याचे यश कोनशिलेवरील नावांवरून आम्ही मोजणार नाही. उद्घाटनानंतर पाच वर्षांनी, मे महिन्याच्या एखाद्या दुपारी आम्ही त्या फाटकाशी जाऊ. पाटी पुन्हा लागलेली आहे काय, आणि नसल्यास आत पाण्यात कोणाची मुले आहेत, एवढेच आम्ही पाहू. जवळच्या वस्तीतील मुले आत दिसली, तर नगराच्या कारभाऱ्यांनी आपले कर्तव्य केले, असे या स्तंभातून मोकळ्या मनाने लिहू.